मे महिन्यात पाहिलेला सडा

मी, लीला नृसिंह कागलकर, वय चौऱ्याहत्तर, वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच शब्दांत लिहून ठेवत आहे. वकिलांनी फक्त कलमे नीट लावून दिली आहेत. माझी बुद्धी जागेवर असल्याचा डॉ. अवनी यांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसे जागेवर नाहीत, त्याला दाखल्याची गरज नाही. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू येते. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी माझ्या पतीला काहीही ठेवले नव्हते.

१. राहते घर मी माझ्या पगारातून कर्ज फेडून बांधलेले आहे. ते माझे पती श्री. नृसिंह यांनी हयातभर वापरावे आणि त्यांच्या पश्चात आमचा मुलगा मोहित याच्याकडे जावे. मोहितला ते पाडून मोठी इमारत उभी करायची आहे. मी अडवणार नाही, मात्र त्याचे वडील आहेत तोवर थांबावे. गच्चीवर पत्रे मारायचा विचारही तोवर काढू नये. उन्हाळ्यात खोल्या तापतात हे मला माहीत आहे. तापू द्याव्यात.

२. माझ्या पाटल्या आणि मोत्यांचा तन्मणी सूनबाई सुष्मिताला द्यावा. तिने माझ्या आजारपणात पुण्याहून येऊन माझे सगळे केले आणि एकदाही बोलून दाखवले नाही. बँकेतल्या ठेवी मोहितच्या. त्यानेच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी.

३. वाळवून, दाबून, कागदावर चिकटवलेले वनस्पतींचे नमुने विद्यापीठाच्या संग्रहाला द्यावेत. सूक्ष्मदर्शक मी शिकले त्या मुलींच्या शाळेला द्यावा, पण तो कपाटात कुलूपबंद ठेवायचा नाही, असे मुख्याध्यापिकांकडून कबूल करून घ्यावे. मुलींनी तो मोडला तरी चालेल.

४. यापुढचे कलम समजण्यासाठी थोडा मागचा भाग सांगणे भाग आहे. वकील म्हणाले, एवढे लागत नाही. मला लागते.

पन्हाळ्याच्या पलीकडे एक सडा होता. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या खडकाचे सपाट पठार. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही, गवताची काडी दिसत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच खडकाच्या खाचांत बोटभर माती भिजते आणि चार-सहा आठवडे सगळा माथा फुलतो. तिथे मला खरपुडी या कंदातून उगवणाऱ्या रानरोपाची एक जात सापडली, जी आजवर दुसरीकडे कोणाला सापडलेली नाही. नाव आणि नेमकी खूण लिहीत नाही. दुर्मिळ कंद उकरून विकणारे लोक मृत्युपत्रेही वाचत असतील. तिचे फूल करंगळीएवढ्या उभ्या कंदिलासारखे असते. एक बारीक चिलट त्यात उतरते, आतल्या केसांमुळे अडकते, आणि केस मऊ पडले की पराग घेऊन सुटून दुसऱ्या फुलात जाऊन पुन्हा अडकते. एवढ्याशा मूर्खपणावर ती जात जगत होती.

वीस वर्षे मी दर पावसाळ्यात तिथे गेले. चिखलाने भरलेले बूट घेऊन मी संध्याकाळी दारात उभी राहिले की श्री. नृसिंह यांनी बंबातले गरम पाणी काढून ठेवलेले असे. ते भूगर्भशास्त्र शिकवत. जेवताना मी खरपुडीचे बोलत असे आणि ते ऐकत असत. निदान मला तसे वाटे.

त्या सड्याखाली बॉक्साइट आहे. खाणीसाठी अर्ज झाला आणि गावात मंडप घालून जनसुनावणी ठेवली. माझी विद्यार्थिनी रुद्राणी आणि मी फुलांचे फोटो, नकाशे घेऊन पुढच्या रांगेत बसलो होतो. अधिकाऱ्याने अहवाल वाचला: "सदर क्षेत्र खडकाळ, पडीक व वनस्पतिविरहित आहे." मी उठून विचारले, या अहवालावर कोणत्या तज्ज्ञाची सही आहे? त्याने पान उलटले आणि नाव वाचले.

माझ्या मागे कृष्णात बसला होता, त्याच गावचा, इतकी वर्षे माझी जीप चालवणारा. तो वाकून हळूच म्हणाला, "मॅडम, हे तर तुमच्या घरातलंच नाव हाय की."

मी खाली बसले. पुढे काय बोलायचे ठरवले होते ते मला आठवेना. रुद्राणी उठली आणि माझ्या हातातले कागद घेऊन तिने ते वाचून दाखवले. कंपनीच्या माणसाने विचारले, "ताई, या बाईंच्या घरचेच म्हणतात तिथं काही नाही, मग आम्ही कुणाचं खरं मानायचं?" लोक हसले.

घरी आल्यावर मी श्री. नृसिंह यांना विचारले. ते म्हणाले, "मी दगड पाहायला गेलो होतो, लीला. दगडाचंच लिहिलं. झाडांचा परिच्छेद त्या लोकांनी घातला."

"सही करायच्या आधी वाचला होतात?"

"वाचला होता."

"मग?"

"मे महिना होता गं. तिथं खरंच काही नव्हतं."

यानंतर आम्ही एकाच घरात राहिलो. भाजी, वीजबिल, मोहितचे लग्न, गुडघ्यांचे तेल, सगळ्यावर बोललो. सड्यावर बोललो नाही. पंधरा वर्षे.

५. माझी जीप कृष्णातला द्यावी. सुनावणीत त्याने खाणीच्या बाजूने हात वर केला होता. बाहेर आल्यावर मान खाली घालून म्हणाला, "पोरांना काम मिळंल, मॅडम. फुलं बघून कुणाचं पोट भरतंय?" मला त्याचा राग आला नाही, त्याने माझ्यासमोर हात वर केला होता. खाणीला मंजुरी आली तेव्हा खोदकामाआधी कंद उकरून वाचवायला पहार घेऊन तोच आला. आम्ही पावसाळ्यात रंगाने खुणा करून ठेवलेल्या खाचा त्याने एकेक करून फोडल्या, कंदाला ओरखडाही न येऊ देता. पुढे तो त्याच खाणीवर डंपर चालवायला लागला. एकदा मला म्हणाला, "आता वर चढायलाच लागत न्हाय, मॅडम. डोंगरच खाली आलाय."

६. कोडोलीच्या रुद्राणीला मी काहीही देत नाही. हे तिच्या सांगण्यावरून लिहिते, गैरसमज नको.

ज्या चिलटावर खरपुडी जगत होती ते चिलट रुद्राणीने शोधून काढले. तिच्याइतके चांगले डोळे मी दुसऱ्या कोणाला पाहिले नाहीत. उकरलेल्या कंदांपैकी निम्मे आम्ही एका मोठ्या बागेला दिले. तिथे त्यांना रोज नळीने पाणी घातले गेले आणि ते कुजले. उरलेले माझ्या गच्चीवर कुंड्यांत आहेत. दर ऑगस्टला फुले येतात, पण या पेठेत ते चिलट नाही. रुद्राणी सुईच्या टोकाने एका फुलाचा पराग दुसऱ्यात घालत असे. एका वर्षी शिंगांसारख्या जोडशेंगा धरल्या. त्या दिवशी खाली पेठेतल्या तालीम मंडळाच्या पोरांनी फुटबॉलचा सामना जिंकून गुलाल उधळला होता, आणि आम्ही दोघी वर उगाचच त्यात सामील झाल्यासारख्या हसत होतो. बिया रुजल्या, रोपे दोन पानांवर आली आणि बुरशीने गेली. त्यानंतर शेंग धरली नाही. कुंड्यांतले कंद म्हातारे होत आहेत. आम्ही दुसरे सडे पालथे घातले, ही खरपुडी कुठे सापडली नाही. असेलही कुठेतरी.

रुद्राणीने अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. दर जूनला नवी मुलाखत, दर एप्रिलला घरी. कायम नोकरी लागली नाही. आता ती कोडोलीत भावाचे कृषी सेवा केंद्र सांभाळते. मागच्या महिन्यात मी तिला बोलावून म्हटले, माझ्यानंतर या कुंड्या तू ने.

"नको, मॅडम. दिवसभर तणनाशक विकायला लागतंय मला. घरी जाऊन हात धुतलं तरी वास जात न्हाय. त्या हातांनी ही झाडं सांभाळायची म्हणजे..." मग म्हणाली, "मला बघवत न्हाईत आता ती. तुम्ही रागावू नका."

मी रागावले नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकील सांगतात. तेव्हा ती म्हणाली, "मग मी साक्षीदार होते की." त्याप्रमाणे तिची सही खाली आहे.

७. गच्चीवरच्या खरपुडीच्या सर्व कुंड्या मी माझे पती श्री. नृसिंह यांना देते.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझे जिना चढणे बंद झाले. कुंड्यांचे काय, हे मी घरात कोणाला विचारले नाही. एके सकाळी मी अंथरुणात असताना वरून तांब्याचा आवाज आला. मग रोज येऊ लागला. ते कठड्याला धरून चढतात, मध्ये एकदा थांबतात. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी जास्त पाणी घातले असावे, कारण खाली येऊन दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "एक पिवळी पडलीय. काय करू?" मी सांगितले. त्यानंतर रोज विचारू लागले, मी सांगू लागले. खरपुडीबद्दल आमचे बोलणे असे परत सुरू झाले, पण फक्त पाण्यापुरते.

यंदाच्या मे महिन्यात ते वरून आले आणि माझ्या पायाशी खुर्ची ओढून बसले. कपाळावर घाम होता. म्हणाले, "लीला, कुंड्यांत काहीच दिसत नाही गं. नुसती माती आहे." मग त्यांनी विचारले, "पण आत आहे ना?"

"आहे," मी म्हटले.

त्यांनी माझा हात धरला आणि ते रडले. मी हात काढून घेतला नाही. मला रडू आले नाही.

मी त्यांना माफ केले आहे, असे कोणी समजू नये. मला ते जमले नाही आणि आता वेळही उरलेला नाही. कुंड्या त्यांना देण्याचे कारण एवढेच, की त्या रिकाम्या दिसत असताना राखण करील असा माणूस मला दुसरा दिसत नाही. त्यांनी दिवाळीनंतर पाणी तोडावे. वळवाचा पाऊस कुंड्यांना मिळू द्यावा, त्याआधी थेंबही घालू नये. एखाद्या कुंडीत पावसाळाभर कोंब फुटला नाही तरी तिची माती लगेच टाकू नये, आणखी एक वर्ष वाट पाहावी. गुडघे फार दुखले तर कुंड्या खाली आणाव्यात, मात्र ऊन मिळेल अशा जागी. मी गेल्यावर पहिले काही दिवस लोक येतील, तेव्हा पाणी चुकू नये.

त्यांचे वय एकोणऐंशी आहे. त्यांच्यानंतर कोण, यासाठी मी इथे जागा कोरी सोडली होती. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कोरी जागा ठेवता येत नाही, मागाहून कोणीही काहीही लिहील. मी म्हटले, लिहू दे ना कोणीतरी. त्यांनी ऐकले नाही. म्हणून ती जागा भरून लिहिते: श्री. नृसिंह यांच्या पश्चात या झाडांना वारस मला सापडलेला नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: शिवाजी पेठ, कोल्हापूर
दिनांक: १९ ऑगस्ट २०२४

सही: लीला नृसिंह कागलकर

साक्षीदार:
१. डॉ. अवनी विजयसिंह इंगवले, कोल्हापूर
२. डॉ. रुद्राणी प्रभुलिंग हुक्केरी, कोडोली, ता. पन्हाळा