पाच ठोके

सांगली, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इटलीतल्या वृद्धाश्रमात नर्सची नोकरी मिळतेय, पण सोळाला त्यांच्या भाषेची परीक्षा आहे. दोनदा नापास झालेय. ‘बोलणे’ या क्रियापदापाशीच माझं घोडं अडतं. ‘ते बोलतात’ म्हणजे पार्लानो. जोर ‘पार्’वर हवा, मी देते ‘ला’वर. बाई म्हणतात, शब्दाचे तुकडे पाडा, जोराच्या तुकड्याला टेबल दणकून ठोका.

अर्धांगात आजीची वाचा गेलीय, तिलाही असंच शिकवून बघा ना. फौजेत एवढी कवायत शिकवलीत! तिनं एकदा मला नावानं हाक मारलेली ऐकायचीय, बाकी काही नको. अभ्यासात लक्ष लागत नाही. खरं सांगा, येऊ का?

आशीर्वाद असू द्यावा.
तुमची नात,
राजनंदिनी

सातारा, १० फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी युक्ती लागू पडली. फरशीवर काठी आपटत तुझं नाव तोडलं: रा-ज-नं-दि-नी. दोन दिवस तुझ्या आजीनं या कवायतीच्या उस्तादाकडे ढुंकून पाहिलं नाही. पन्नास वर्षांत माझी ऑर्डर कधी मानली होती म्हणा! मग माझ्या तळव्यावर बोटानं पाच ठोके दिले, तिसरा दाबून. परसातून हाक मारताना ‘नं’च लांबवायची ना!

आता ती शांत आहे, त्रास काही नाही. तू येऊ नकोस. पेपर नीट दे.

तुझा,
आबा

सातारा, १४ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या घरमालकीण चंपाबाईंकडे पाठवलंय. परीक्षेनंतरच द्या, असं त्यांना कळवलंय.

पोरी, तुझी आजी दहा तारखेला सकाळी गेली. मागचं पत्र मी तिला अग्नी देऊन माहुलीच्या घाटावरून परतल्यावर लिहिलं. तुझा बाप फोन करत होता, मीच अडवलं. परीक्षा असली की पोरीला घरातलं वाईट सांगायचं नाही, ही तुझ्या आजीचीच रीत. तुझ्या बारावीला मोडलेला हात तिनं आठवडाभर पदराखाली लपवला होता.

पण तू खरं विचारलंस आणि मी खोटं लिहिलं. लय चुकलं माझं. ठोके मात्र खरे. आदल्या संध्याकाळचे. तेव्हा तिचे ओठ हलले होते. आवाज फुटला का, या बहिऱ्याला कळलं नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं. तू असतीस तर ऐकलं असतंस.

एकोणीसला दहावा आहे, ये. आल्यावर माझ्यावर रागाव. मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं रागाव.

माया कमी करू नकोस.
तुझा,
आबा