हिरवा दिवा काही लागेना

सोमवार, संध्याकाळ

शनिवारी हिच्या शाळेत हिचा निरोप समारंभ. उभा जन्म गणित शिकवून हिचा घसा पार कामातून गेलाय. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, आवाज चढवायचा नाही. शाळेने साउंडवाला ठरवला होता. मी परस्पर फोन करून त्याला नको म्हणून सांगितलं. घरात एवढा टेक्निकल माणूस असताना बाहेरचा कशाला? मित्राकडून वायरलेस माईकचा सेट आणलाय. माईक हिच्या हातात, रिसीव्हर माझ्या ताब्यात. मॅन्युअलपण आहे, पण ते नवशिक्यांसाठी असतं.

हिची एकच अट. भाषणाच्या वेळी मी पुढच्या रांगेत बसायचं. माझ्यावर चार वाक्यं आहेत म्हणे. आधी ऐकवणार नाही. म्हटलं, सेट लावला की आलोच!

मंगळवार

हॅलो हॅलो करून माझाच घसा बसला. स्पीकर ढिम्म. रिसीव्हरवरचा सिग्नलचा हिरवा दिवा लागत नाही. कन्येला फोन लावला. ती परगावी असते, पण बोलली की अख्ख्या घराला ऐकू जातं. म्हणाली, माईकवर आणि रिसीव्हरवर चॅनेलचा नंबर एकच हवा. मी म्हटलं, ते मला माहीतच होतं. माईकवर ७, रिसीव्हरवर ३. हिला माईक घेऊन आतल्या खोलीत पाठवलं आणि रिसीव्हर ७ वर नेला. बोल म्हटलं. ढिम्म. पंख्याचा अडथळा असणार. पंखा बंद केला. घाम आला, आवाज नाही.

बुधवार

कमाल आहे! माईकवर आता ३. म्हणजे हा सेट आपोआप नंबर बदलतो. असे सेट असतात, मी कुठेतरी वाचलंय. असतीलच. रिसीव्हर ३ वर आणायला बसलो तर ही आली, अहो, तो नंबर, असं काहीतरी सुरू केलं. म्हटलं, नंबराचं मी बघतो, तू भाषणाचं बघ. ही माईक उचलून आत गेली. हिचा हा गुण मोठा, वाद घालत नाही. कन्येचं म्हणणं, मी बिघडवायचं आणि आईने मागून गुपचूप निस्तरायचं, हेच आमच्या घरात चालत आलंय. उदाहरण दे म्हटलं, तर थांबेचना. फोन ठेवून दिला.

चाचणी घेतली. ढिम्म.

गुरुवार

फ्रिज बंद. इस्त्री बंद. रिसीव्हरच्या अँटेनांना चांदीचा कागद गुंडाळला. शेजाऱ्यांना टीव्ही बंद करायची विनंती केली, त्यांनी दार बंद केलं. नंबर परत उलटे, माईकवर ७, रिसीव्हरवर ३! आता मी हतबल झालोय, पण चेहऱ्यावर दाखवलेलं नाही.

शुक्रवार

साउंडवाल्याला सहज फोन केला. त्याला उद्या दुसरं काम मिळालंय. बरंच झालं. मॅन्युअल शोधलं. दूध सांडलं तेव्हा मी त्याच्याच पानांनी ओटा पुसला होता.

ही शांतपणे भाषण वाचत बसली होती. मला म्हणाली, होईल हो नीट. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

शनिवार, समारंभ संपल्यावर

नाही झालं नीट.

मी पडद्यामागे, टेबलाखाली, कानाला हेडफोन. ३ करून बघितलं, ७ करून बघितलं. ही स्टेजवर माईक हातात घेऊन काहीतरी खटपट करत होती. शेवटी तिने माईक खाली ठेवला आणि तशीच बोलली, मोठ्याने, शेवटच्या रांगेपर्यंत. हे मला नंतर कळलं. माझ्या कानात फक्त खरखर होती. हेडफोन काढला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

एक बाई म्हणाल्या, तुमच्याबद्दल किती सुंदर बोलल्या हो! मी म्हटलं, हो ना. काय बोलली, ते विचारणार कसं? पुढच्या रांगेतली ती एकच खुर्ची रिकामी होती.

रविवार

हिचा आवाज पूर्ण गेला. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. महिनाभर मौन.

सोमवार

सेट परत द्यायचा म्हणून आवरायला घेतला. माईकवर ७, रिसीव्हरवर ३. सवयीने रिसीव्हर ७ करायला लागलो. समोर ही माईक पुसत होती. तिने वाकून रिसीव्हरचा नंबर बघितला आणि मला त्रास नको म्हणून मुकाट्याने माईक ३ वर आणला.

मी बघतच राहिलो. आठवडाभर ही माझ्याशी जुळवून घेत होती आणि त्याच वेळी मी हिच्याशी.

मी रिसीव्हर परत ३ वर आणला आणि हात मागे घेतला. हिरवा दिवा लागला.

म्हटलं, ती चार वाक्यं काय होती गं? हिने माईक तोंडाजवळ नेला, मग मान हलवून गळ्याकडे बोट दाखवलं. स्पीकरमधून नुसता तिचा श्वास ऐकू आला. एकदम क्लिअर.