गादीखालच्या गोळ्या

अहो,

सकाळी तुमची गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली गोळ्या सापडल्या. मी दिलेली गोळी तुमी गालात धरायचा आन मी वळले की तिथं कोंबायचा. तुमचे पाय सुजले तवा डॉक्टर मलाच बोलले, जेवणात मीठ जास्त घालता म्हणून. तुमी गप ऐकत बसला.

मी नारायणगावला दुसऱ्या गोळ्या आणायला चाललेय. पेज झाकून ठेवलीय. शेजारची तुकाबाई येऊन बसंल. तिच्यापुढं 'मला जगायचं न्हाई' म्हणू नका, ऐकून माझे कान किटले.

आपली प्रांजल गेली तवा सगळे तुमच्या गळ्यात पडून रडले. मला म्हणाले, "वहिनी, तुमी खंबीर राहा, भाऊंना जपा." लेक माझी पण व्हती.

तुमाला तिच्यामागं जायची घाई झालीय. मग मी तिचं नाव कुणापाशी काढायचं? ती कोकरू घेऊन शाळेत गेली व्हती, हे आता आपल्या दोघांनाच ठाऊक हाय.

आल्यावर मी तुमच्याशेजारी बसून रडणार हाय. मला गप करू नका.

निर्मला