सुरूखालचं लाजाळू

६ फेब्रुवारी १९६७, शारजा

पुन्हा उगवलं! परवाच सुरूच्या रांगेतलं तण उपटलं होतं, आज बघतो तर प्रत्येक आळ्यात हिरवी टोकं. रोपं लाँचनं रत्नागिरीहून आली, डब्यांतली माती पण तिथलीच. त्या मातीतून बिया फुकट आल्या. वर पंपाचं पाणी — मग काय, चैनच!

अरबाब, म्हणजे बागेचा मालक, रोज संध्याकाळी येऊन रांग बघतो. वाळू अडवायला सुरू पाहिजेत, नाहीतर आतली लिंबं बुजतील. त्याने शब्द दिलाय, उन्हाळ्यातून झाडं जगली तर पंपामागची खोली माझी. "फिर बीवी को बुलाओ, वली!"

चार वर्षं झाली बानूला घरी सोडून. म्हणून उपटतो. मुकाट.

१४ फेब्रुवारी

एक तण ओळखीचं निघालं. टाकळा! मेल्या, तू इथे कसा?

उपटायचा तो खुडला. संध्याकाळी जहूरने भाजी केली. आम्ही एकाच खोलीत राहतो, तो राजापूरचा. लसूण होती, मिरची होती, ओलं खोबरं कुठून आणणार! "अम्मीच्या हातची चव नाही," म्हणाला, आणि माझ्या वाटणीची पण संपवली. हावरट.

भाजीच्या वासाने घर आठवलं.

१७ मार्च, जुम्मा

आज शेवटच्या सुरूखाली लाजाळू सापडलं! बोट लावलं — मिटलं. या वाळूत, या उन्हात, तसंच मिटलं. मी एकटाच हसलो.

निकाह झाल्यावर पहिल्याच पावसात बानू आमच्या वाडीत पायाच्या अंगठ्याने लाजाळू मिटवत चालली होती. एक, मग दुसरं, मग तिसरं. मागून अम्मीची हाक, "बानू, पाणी आण गो!" आणि हिचं आपलं हसत हसत चालूच. तिचं ते हसणं मी इथे चार वर्षं उशाला घेऊन झोपतोय.

हे नाही उपटायचं. ती आली की दाखवायचं.

३ एप्रिल

बानूचं पत्र. "तिथे म्हणे झाडंच नाहीत. मी दिवसभर बघू काय?" लाजाळूचं कळवलं नाही. गंमत राहू दे.

२ मे

आज अरबाब भडकला. सुरूचे शेंडे पिवळे पडलेत. "पानी कौन पीता है? झाड या ये घास? सब निकालो, खलास!"

खरं आहे त्याचं. टाकळा खायला म्हणून मीच राखला, तो गुडघ्याएवढा झाला. आघाडाही माजला. हिरवं बघून शेळ्या शिरल्या, त्यांनी दोन रोपांचे शेंडे खाल्ले. भाजीच्या लोभापायी खोली घालवतोस काय रे, वली! बानूला काय सांगशील?

दिवसभर उपटलं. ते तण तिथेच बुंध्याभोवती पसरलं, म्हणजे मुळांना ऊन लागणार नाही. शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण घातलं. कंबर गेली.

लाजाळू मात्र ठेवलं. एवढंसं आहे, पिऊन पिऊन किती पिणार?

२९ जून

तीन दिवस वारा. भाकरीत वाळू, दातांत वाळू. सुरूची झाडं आडवी झाली होती, आज बघतो तर उभी! वाऱ्याने त्यांच्यातून आवाज येतो ना, तो अगदी आमच्या किनाऱ्यावरचा. डोळे मिटून ऐकत बसलो. जहूर म्हणतो, "वेडा झालास, यल्ला, जेवायला चल."

१८ सप्टेंबर

खोली मिळाली!!

अरबाबने चावी हातात दिली आणि पाठीवर अशी थाप मारली की खोकलाच आला. बानूला लगेच लिहिलं. इन्शाल्ला, येईल.

११ नोव्हेंबर

आली. आगबोटीतून लहान होडीत, होडीतून धक्क्यावर. वाळलीय. केस कानाजवळ पांढरे. मला बघून आधी म्हणाली, "किती काळे झालात!"

सामान ठेवू दिलं नाही, तशीच रांगेच्या टोकाला नेली. म्हटलं, "बघ, तुझ्यासाठी राखलंय." लाजाळू चांगलं हातभर पसरलंय, वर गुलाबी गोंडे.

ती हसली नाही. खाली बसली, पदर हाताला गुंडाळला आणि बुंध्याशी धरून सगळं मुळासकट उपटलं.

"हे मेलं इथेही आलं! तुमच्या वाडीत दर पावसाळ्यात हेच उपटतेय मी. गडी कुठे मिळतो? अम्मींना अंथरुणावरून उठवत नाही. एकटीच उपटत होते."

मी सामान उचललं आणि तिला खोलीवर नेलं.

१२ नोव्हेंबर

सकाळी उजेडात तिचे हात बघितले. बोटांना काळे चरे, तळव्यात काटे तसेच मुरलेले. जहूरकडून सुई आणली. "राहू द्या, आता दुखत नाहीत," म्हणाली. पण हात पुढे केला.