किनारीचे दोन हिरवे तार

११ नोव्हेंबर ८८, शुक्रवार

आपले कापडाचे लूम आज बंद. सकाळीच भाऊजींबरोबर मुंबईला. रविवारी जुन्या विलायती गाड्यांचा लिलाव आहे, त्या आज बघून घ्यायच्या. ताईने नवऱ्याला आणि भावाला मिळून एकच डबा दिलेला. भाऊजींनी त्यातलं सुकट गाडीतच संपवलं.

दोन गाड्या डोळ्यांत भरल्या. एक लाल इटालियन, दोन सीटची, इंजिन पाठीमागे, आपल्या कमरेइतकी उंच. दुसरी काळी जर्मन. मालक कोण ते सांगत नाहीत, लिलावाची रीतच ती.

भाऊजींची तपासणी म्हणजे बघत राहावं. आधी हात दाराच्या कडेवरून. मग चुंबक फिरवायचा. चिकटला नाही की खाली पत्रा नाही, लांबीची पुट्टी भरलेली. मग रबर उचलून आतला रंग. शेवटी इंजिन नंबर. मी टॉर्च धरून. काळीपाशी भाऊजींनी नाक मुरडलं.

"हिचं समदं बदललंय. मुर्दा हाय. लाल घे जना. शंभर नंबरी हाय ती."

१३ नोव्हें., रवि.

लाल आपली!!

नेहमीच्या पद्धतीने. बोली मी लावायची, भाऊजी मागे भिंतीला टेकून. टॉवेल डाव्या खांद्यावर असेल तोवर चढत जायचं. उजव्या खांद्यावर गेला की थांबायचं, पुढचा कितीही नाचो. आजवर सगळ्या जुन्या गाड्या या टॉवेलवर घेतल्या, एकदाही खड्ड्यात गेलो नाही.

आज सफारी सूटमधला एक जण हटूनच बसला होता. मी दर वेळी मागे वळून बघतोय, टॉवेल जागचा हलत नाही. मी ठरवलं होतं त्याच्या किती वर गेलो ते इथेही लिहीत नाही, बायको, सुमन, ही वही उघडते. शेवटी सफारीवाला हसून खाली बसला.

काळी एका पारशी म्हाताऱ्याने घेतली. भाऊजी म्हणाले, म्हाताऱ्याचा पैसा पाण्यात.

२० नोव्हें.

गाडी भिवंडीत. खड्ड्यांतून आणताना माझीच हाडं खिळखिळी. लिंबू, नारळ, हार. अख्खी गल्ली गोळा. आमचा लूमवरचा रामदुलार दोनदा प्रदक्षिणा घालून म्हणाला, "सेठ, इसमें तो दो ही जन बैठेगा!" हसून हसून पुरेवाट.

ताई आली होती. वैशालीचं लग्न फेब्रुवारीत. "माझ्या पोरीला मांडवात याच गारीतून आणायची. मामा हायस तू तिचा." हो म्हटलं. नाही कोण म्हणेल.

५ जाने. ८९

उजव्या दाराची काच अडकते. भाऊजींना म्हटलं, जरा दार खोलून बघा. "त्याला हात लावू नकोस. वरिजनल हाय. येकदा उघाडलंस का किंमत गेली." बरं.

२२ जाने.

काच आता वर जातच नाही. अशाने नवरीच्या डोक्यावर धूळ. भाऊजींना निरोप धाडला. लग्नाच्या गडबडीत आहेत म्हणे.

२७ जाने., शुक्र.

इक्बालभाईंना बोलावलं. सीटा, कुशन, गाड्यांचं आतलं चामडं, सगळं तेच शिवतात. हात जपून चालतो त्यांचा. दाराचं आतलं कव्हर काढलं. चामड्याच्या पाठीला कापड लावलेलं. मी सहज हात लावला.

दोन हिरवे तार.

आपल्या कापडाच्या किनारीला मी हिरव्या सुताचे दोन तार टाकतो. बाबांच्या वेळेपासून. भिवंडीत प्रत्येकाची अशी काही खूण असते, नाहीतर प्रोसेसला, धुलाई-रंगाईला, गेलेला माल दुसऱ्याच्या मालात मिसळतो. इटलीत तीस वर्षांमागे बनलेल्या गाडीच्या दारात माझं कापड.

गेल्या पावसात भाऊजींनी याच कापडाचा एक ताका नेला होता. वडप्याच्या त्यांच्या गॅरेजला पडदे करायचे म्हणून.

इक्बालभाईंना विचारलं. बिचारा माणूस गोंधळला. "अहो शेट, हे मीच शिवलंय. वडप्याला, भाऊजींच्या गॅरेजमध्ये, पावसात. कापड तुमचं बघितलं, म्हटलं गाडी पण तुमचीच असणार. तुमाला ठाऊक नव्हतं काय?"

ठाऊक नव्हतं.

चहा दिला, पाठवलं त्यांना. नंतर दार तसंच उघडं टाकून खुर्ची घेऊन समोर बसलो. सुमन दोनदा जेवायला बोलावून गेली.

२८ जाने.

इंजिन नंबर आज मी वाचला. स्वतः. लिलावाच्या आधी भाऊजी वाचत होते आणि मी दिवटीवाल्यासारखा टॉर्च धरून उभा. नंबरातल्या सातचा पाय तुटका. वडप्याला नंबर ठोकायच्या पंचांचा डबा आहे, त्यातल्या सातचाही पाय तुटका, मी स्वतः त्या पंचाने ट्रेलरवर नंबर मारलाय. इंजिन कुठल्या तरी साध्या गाडीचं असणार. पुढचा भाग खरा असेलही. आता कशाचीच खात्री नाही.

म्हणजे गाडी भाऊजींची. त्यांनी जोडली, त्यांनीच दुसऱ्याच्या नावाने लिलावात उभी केली. आणि बोली चढवत नेणारा तो सफारीवाला? तो उगाच का हसला?

केसाने गळा कापला माझा. परक्याने कापला असता तर चौकात उभा करून...

आणि ती काळी बहुतेक खरी होती. तेलही गेलं, तूपही गेलं.

३० जाने., सोम.

वडप्याला गेलो. भांडायलाच. रिक्षात सगळी वाक्यं तयार केली होती.

ताई दारातच. हातात लग्नपत्रिका, पहिली मामाची म्हणून माझ्यासाठी काढून ठेवलेली. खाडीतल्या निवट्यांचं कालवण केलेलं. भाऊजी समोर बसून जेवले, माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. "गारी कशी हाय?" "बरी हाय." एवढंच बोललो. शरम वाटते. त्यांनी फसवलं आणि मान माझी खाली.

ज्या माणसाने मला गाडी बघायला शिकवलं, त्याला ठाऊक होतं मी कुठे बघणार आणि कुठे नाही. फक्त कापड विसरले. कापड बघायला त्यांनी शिकवलेलं नव्हतं ना.

३ फेब्रु.

सुमनला सांगितलं. तिने भांडं आदळलं. मग म्हणाली, "बोला, नाहीतर गिळा. रोज थोडं थोडं चघळू नका." बोललो तर लग्न मोडेल? ताईचं तोंड कोण बघेल? नाही बोललो तर पुढच्या लिलावात पुन्हा तोच टॉवेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

८ फेब्रु.

भाऊजींचा निरोप. पुण्याचा एक डॉक्टर लाल बघायला येणार, लग्न झाल्यावर. "तू नुस्तं सांग, वरिजनल हाय. तुझ्या शब्दाला मान हाय." म्हणजे आता हे मी दुसऱ्याला विकायचं. माझ्या शब्दावर.

१६ फेब्रु., गुरु.

आज हळद. काच नीट करून दाराचं कव्हर मीच परत बसवलं. बसवताना कापडाची किनार बोटभर बाहेर ठेवली. कुणाला दिसणार नाही. ज्याचा हात आधी दाराच्या कडेवर जातो त्यालाच लागेल.

वडप्याला मांडवाशेजारी गाडी लावली. पोरं ढोलावर नाचतायत. भाऊजी हळदीने पिवळे, टॉवेल डाव्या खांद्यावर. कौतुकाने आले, गाडीत बसले. सवयीने हात कडेवरून फिरला आणि थांबला. खाली वाकून बघितलं. हिरव्या तारांना हळद लागली.

"कवा उघाडलंस?"

"गेल्या महिन्यात."

मी वाट बघत होतो. एक शब्द बोलले असते, खोटा का होईना, मी तिथेच गिळलं असतं सगळं.

उतरले. माझ्याकडे बघितलं नाही. टॉवेलाने बोटं पुसली आणि तो उजव्या खांद्यावर टाकला.

तेवढ्यात ताई हळदीची वाटी घेऊन आली. माझ्या गालाला लावली, मग बॉनेटलाही लावली. म्हणाली, "सकाळी लवकर ये रे जना, पोरगी तुझ्याच हातान मांडवात यायची हाय."

जाणार आहे. वैशालीला घेऊन येणार आहे. त्यानंतर काय, ते ठरत नाही. आजवर तो टॉवेल उजवीकडे गेला की मी थांबत आलोय.