आमिषाला हात लावायचा नाही

विडी घेऊन येतो म्हणून आत्याच्या दारातून गेलात, बाबा, ते अजून येताय. साठ वर्षं झाली. एवढ्या काळात विडीचं पान झाडाला फुटून, वाळून, वळून झालं असतं. पुढे सणासुदीला आलात, पण ते पाहुण्यासारखे, चहा पिऊन जायला. ही तक्रार आधी लिहिली, कारण मी बरी आहे, गुडघे दुखतात वगैरे वाचून तुम्हाला करायचंय काय. तुम्हाला जाऊनही आता चाळीस वर्षं होतील.

कागद काढला तो नातीच्या खेळामुळे. दर रविवारी तिच्या कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आमच्या लालबागच्या खोलीत येतात आणि टेबलाभोवती बसून गोष्ट खेळतात. नात सांगते, गुहा आहे, काळोख आहे. बाकीच्या दोघी गोष्टीतली माणसं होतात, एक तलवारवाली, एक चोर, आणि पुढे काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वाटेत राक्षस असतात, सापळे असतात. मी भाजी निवडत ऐकते. मागच्या रविवारी नात म्हणाली, "आजी, आज सापळा तू दे ना. तुझे बाबा उंदीर धरायचे म्हणतेस." बघा, तुमचं नाव अजून घरात निघतं, ते उंदरांमुळे.

मी तुमचाच दिला. गिरणीच्या कोठारात मला शेजारी बसवून शिकवलेला. तीन दिवस पिंजऱ्याचं दार दोरीने बांधून उघडं ठेवायचं, आत भाजलेला सुका बोंबील. येऊ दे, खाऊ दे, जाऊ दे. त्याची भीती मोडली की चौथ्या दिवशी दोरी सोडायची. मी बोंबलाकडे हात नेते आणि तुम्ही बोंबील ठेवायच्या चिमट्याने माझ्या बोटांवर मारता. "आमिषाला हात लावायचा नाही. माणसाचा वास लागला की त्याला कळतं." ते अजून चरचरतं.

तर गुहेत एक दालन, आत जेवण मांडलेलं. तीनदा पोरी आत गेल्या, जेवल्या, बाहेर आल्या. चौथ्यांदा दार पडलं आणि छत खाली आलं. चोर मेली. चोर झालेली पोर वर्षभर तेच सोंग खेळत होती. तिने फासा डब्यात टाकून दिला. मला हसू येत होतं, ते गिळलं. नात माझ्यावरच उखडली.

"आजी, खूण कुठे ठेवलीस?"

"कसली खूण? खूण ठेवली तर येईल कोण मरायला?"

"ठेवावी लागते गं. एखादा ओरखडा, वास, काहीतरी. नीट बघितलं असतं तर वाचले असते, असं वाटलं पाहिजे. नाहीतर तो खेळ नाही, फसवणूक झाली."

"आणि तुझे राक्षस गं?"

"राक्षस समोर उभा असतो. लढ, बोल, नाहीतर पळ."

माझ्या हातातली मेथी हातातच राहिली. आत्या राक्षसच होती, पण समोर होती. तिला पोरं सांभाळायला माणूस हवं होतं. चौघांची दुपटी धुतली, मार खाल्ला, पुढे उलट बोलायलाही शिकले. निभावलं तिच्याशी. तुमचं मात्र दिसलंच नाही. तीन रविवार मला गिरगावला तिच्याकडे नेलंत. शिरा, झोपाळा, संध्याकाळी परत. चौथ्या रविवारी विडी. माझं चौथीचं दप्तर घरी खिळ्याला तसंच राहिलं, आणि शाळा तिथेच संपली.

आठवडाभर तो दिवस उलटापालटा करतेय, आणि काल खूण सापडली. आधीच्या तिन्ही रविवारी बसमधून उतरलं की तुम्ही चिक्की घ्यायचात, तुकडा मोडून माझ्या तळहातावर ठेवायचात. चौथ्या रविवारी चिक्की घरूनच निघाली. आई दारात उभी आहे, पुडी तुमच्या समोर धरलेली, आणि तुम्ही म्हणता, "तूच दे तिला." हात पाठीमागे. मग बसमध्ये, रस्त्यात, आत्याच्या जिन्यात, कुठेच माझं बोट धरलं नाहीत. मी चिक्की चावत तुमच्या मागून धावतेय.

आता याचे दोन अर्थ होतात. वास लागू नये म्हणून हात लावला नाहीत, की मला कळावं म्हणून? पहिलं असेल तर मी उंदीर. दुसरं असेल तर तुम्ही खूण ठेवली होतीत आणि तुमचंच शिकवलेलं मी विसरले, म्हणजे गाढव. साठ वर्षं तुम्हाला शिव्या दिल्या, तरी दुसरंच असावं असं वाटतंय. गाढव व्हायला माझी हरकत नाही.

आज पोरी आल्या तेव्हा मी नातीला म्हटलं, त्या पोरीची चोर परत उठव, चूक माझी होती. त्या दालनाच्या उंबऱ्यावर आता एक चिमटा पडलेला असतो. हा कागद पोस्टात टाकून उपयोग नाही. फाशांच्या डब्यात तळाशी ठेवते. उत्तर तुम्हीच द्यायचं, बाबा. आईच्या हाती धाडायचं नाही.