तिन्हीसांजेची शिट्टी

शनिवार, रोहा. नुकतीच दिवेलागण झाली.

उद्या पुन्हा धबधब्यातून दोराने उतरायचंय आणि माझं अजून शिट्टीपाशीच अडलंय. मागच्या खेपेला मी पाण्यात लटकून ओरडत होते, "दोर सैल सोड!" वर दोर धरून उभ्या समीरला एक शब्द ऐकू गेला नाही. वॉकीटॉकी पिशवीतल्या पिशवीत भिजून बंद पडलेला. म्हणून शिट्टी. पण कुठली? पीटीच्या सरांसारखी, आत गोटी असलेली, की ही चपटी?

न्हाणीत नळ सोडला, दोन्ही शिट्ट्या बादलीत बुडवून वाजवल्या. गोटीवाली नुसत्या गुळण्या करत राहिली. चपटी कर्कश वाजली.

तशी आई धावत आली. तिन्हीसांजेला शिट्टी वाजवली की घरात साप येतो, हे मला लहानपणापासून बजावणारी आई. आता बोलणी बसणार! मी सगळं सांगून टाकलं, लटकण्याचंसुद्धा. कशाला सांगितलं?

ती न्हाणीतून बाहेर पडली. अंगणाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली. "वाजव गो."

वाजवली. "आलं ऐकू?"

"व्हय. परत वाजव."

पुन्हा वाजवली. ऐकू येत होतं, तरी तिचं "परत वाजव" काही थांबेना.